इंजिनाचा धूर : मोजावा कसा, ओळखावा कसा

यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनीवर एके काळी शेतीची सारी शक्ती बैलाच्या खांद्यावर होती. आजही पऱ्हाटीतील डवरणी अनेक ठिकाणी बैलजोडीनेच होते. परंतु नांगरट, रोटाव्हेटरचे काम, सोयाबीनची मळणी, कापसाची जिनिंगपर्यंतची वाहतूक आणि शेतकऱ्याचे स्वतःचे जाणेयेणे ही कामे आता इंजिनाकडे गेली आहेत. बैल आजारी पडला तर तो कोणी शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तो रवंथ करतो की नाही, शेण कसे टाकतो, नाकपुडी ओली आहे की कोरडी, एवढ्यावरून घरातील लहान मूलही जनावराची प्रकृती ओळखते. इंजिनाच्या बाबतीत मात्र ही नजर अजून तयार झालेली नाही. इंजिन चालू झाले व काम देऊ लागले म्हणजे ते निरोगी आहे, असेच बहुधा समजले जाते.

वस्तुतः इंजिनही आपली प्रकृती सांगत असते. त्याची खूण म्हणजे सायलेन्सरमधून बाहेर पडणारा धूर होय. या धुराचा काही भाग डोळ्यांना दिसतो. परंतु जो भाग सर्वांत विषारी, तो डोळ्यांना दिसत नाही व नाकालाही कळत नाही. त्यासाठी मोजमापच करावे लागते. हे मोजमाप करणारी, एका माणसास उचलून नेता येतील अशी यंत्रे आता यवतमाळ, वणी, पुसद यांसारख्या गावी पेट्रोल पंपाशेजारच्या पी. यू. सी. केंद्रांत असतात. अनेकांना तेथून मिळणारा कागद परिचित आहे. त्या कागदावरील आकड्यांचा अर्थ मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतो. इंधनाचा खर्च, इंजिनाचे आयुष्य आणि प्रसंगी माणसाचा प्राण या तिन्ही गोष्टी त्या आकड्यांशी निगडित आहेत.

धुरात असते काय ?

एक लिटर डिझेल पूर्णपणे जळण्यास सुमारे १२ किलो हवा लागते. मापाने सांगावयाचे तर ही हवा सुमारे दहा हजार लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे पन्नास पिंप भरतील एवढी होते. प्रत्यक्षात डिझेल इंजिन याहूनही अधिक हवा ओढून घेते. पेट्रोलच्या बाबतीत एक किलो इंधनास १४.७ किलो हवा हे प्रमाण योग्य मानले जाते. ही सारी हवा एअर क्लीनरमधून आत जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे ऑक्टोबर महिन्यात थ्रेशरच्या भुसकटात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर, किंवा वणी भागातील कोळशाच्या रस्त्यांवर धावणाऱ्या वाहनावर, काय प्रसंग येत असेल याची कल्पना येते.

इंधन पूर्ण जळाले तर त्यापासून मुख्यतः कर्बवायू, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा अपुरी पडली, किंवा इंधन व हवा नीट मिसळली नाहीत, तर ज्वलन अर्धवट होते. मग धुरात पुढील पदार्थ येतात. पहिला कार्बन मोनॉक्साइड. हा रंगहीन, गंधहीन व अत्यंत विषारी वायू आहे. दुसरा हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेले किंवा अर्धवट जळलेले इंधन. तिसरी काजळी, डिझेल इंजिनाचा काळा धूर तो हाच. यांखेरीज ज्वलनाच्या प्रखर उष्णतेने हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ती फुप्फुसांना अपायकारक असतात. डिझेल इंजिनाच्या धुराने माणसास कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला आहे. ट्रॅक्टरवर दिवसभर बसणारा चालक आणि थ्रेशरपाशी उभे राहणारे मजूर यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

मोजणीचे यंत्र

प्रत्येक वायू अवरक्त किरणांपैकी ठराविकच किरण शोषून घेतो. कार्बन मोनॉक्साइडचे किरण वेगळे, कर्बवायूचे वेगळे व हायड्रोकार्बनचे वेगळे. एका नळीत धूर घेऊन त्यातून हे किरण सोडले आणि पलीकडे किती पोहोचले ते मोजले, की त्या वायूचे प्रमाण कळते. या तत्त्वावर जर्मनीत लुफ्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९३८ च्या सुमारास यंत्र तयार केले. आज ते एका पेटीत मावते. ऑक्सिजन मोजण्यासाठी त्या पेटीत विजेची निराळी घटकुपी असते. ती काही काळाने क्षीण होते व बदलावी लागते.

यंत्राचे मुख्य भाग असे : सायलेन्सरमध्ये घालावयाची धातूची नळी, धूर वाहून आणणारी रबरी नळी, काजळी अडविणारी गाळणी, वाफेचे पाणी वेगळे करणारी वाटी, धूर ओढणारा लहान पंप, मोजणीची कोठडी आणि आकडे दाखविणारा भाग. यांपैकी गाळणी तुंबली, पाण्याची वाटी भरली किंवा रबरी नळीस चीर पडली, तर यंत्र आकडे दाखवीतच राहते. परंतु ते आकडे खोटे असतात. म्हणून जाणता कामगार आधी नळीची गळती तपासतो, स्वच्छ हवेत यंत्र शून्यावर आणतो व ठराविक मुदतीने ज्ञात प्रमाणाच्या वायूने त्याची पडताळणी करून घेतो. शेजारी दुसरे वाहन धूर सोडीत असता यंत्र शून्यावर आणणे म्हणजे वजनाच्या पारड्यात आधीच खडा ठेवण्यासारखे आहे. असली यंत्रे मान्यतेपूर्वी तपासली जातात. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, जिची स्थापना १९६६ साली झाली, ही अशी तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक होय.

पेट्रोल इंजिनाची परीक्षा

मोटारसायकलचे इंजिन आधी चांगले तापलेले असावे. थंड इंजिनात इंधन अधिक जाते, त्यामुळे आकडे वाढतात. चोक बंद आहे याची खात्री करावी. वाहन न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन मंद गतीवर चालू द्यावे व नळी सायलेन्सरमध्ये सुमारे ३० सेंटिमीटर आत घालावी. नळी टोकाशीच ठेवली तर बाहेरची हवा आत ओढली जाते व धूर पातळ होतो. सायलेन्सरची रचना अशी असेल की नळी आत जाऊ शकत नाही, तर जोडनळी लावावी. आकडे स्थिर झाल्यावर नोंद करावी.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील नियम ११५ प्रमाणे, ३१ मार्च २००० नंतर तयार झालेल्या जुन्या पिढीच्या चार-स्ट्रोक दुचाकीस कार्बन मोनॉक्साइड शेकडा ३.५ व हायड्रोकार्बन दहा लाख भागांत ४,५०० भाग ही मर्यादा आहे. त्यानंतरच्या भारत स्टेज मानकांच्या वाहनांस मर्यादा अधिक कडक आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा हे मानक लागू झाले.

परंतु मर्यादेच्या आत असणे आणि इंजिन उत्तम असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. साधा हिशेब करून पाहावा. धुरात कार्बन मोनॉक्साइड शेकडा ३.५ असेल तर इंधनातील कार्बनचा सुमारे पाचवा भाग अर्धवट जळून जात असतो आणि इंधनाच्या उष्णतेचा जवळजवळ एक दशांश भाग त्या वायूबरोबर बाहेर पडतो. तेच प्रमाण अर्ध्या टक्क्यावर आणले तर हा तोटा शेकडा दीड-दोनच्या आत येतो. म्हणजे इंजिन याच मिश्रणावर चालत राहिले, तर दहा लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर सायलेन्सरवाटे जाते. मर्यादेच्या काठावर उत्तीर्ण झालेल्या गाडीचा कागद खिशात घालून समाधान मानणाऱ्याने हा हिशेब अवश्य करावा.

चार आकडे एकत्र वाचावेत

एकच आकडा पाहून निदान करू नये. चारही आकडे शेजारी ठेवले म्हणजे रोग कोठे आहे हे बरेचसे कळते.

कार्बन मोनॉक्साइड अधिक व ऑक्सिजन अगदी कमी असेल, तर इंजिनास इंधन जास्त व हवा कमी मिळत आहे. एअर क्लीनर तुंबलेला, चोक अडकलेला किंवा कार्ब्युरेटर बिघडलेला असण्याचा संभव असतो.

हायड्रोकार्बन अधिक, ऑक्सिजन अधिक, परंतु कार्बन मोनॉक्साइड कमी असेल, तर ठिणगी चुकत आहे किंवा कोठून तरी जास्त हवा शिरत आहे. प्लग, त्याची तार व जोडाचे पॅकिंग पाहावे.

कर्बवायू शेकडा १३ ते १५ व इतर आकडे लहान असतील, तर ज्वलन चांगले आहे.

कर्बवायू फार कमी व ऑक्सिजन फार अधिक असेल, तर मात्र इंजिनास दोष देण्यापूर्वी मोजणीवर शंका घ्यावी. चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात कार्बन मोनॉक्साइड व कर्बवायू यांची बेरीज सुमारे १५ च्या आसपास येते. समजा, एका जुन्या मोटारसायकलचे कार्बन मोनॉक्साइड २.०, कर्बवायू ६.० व ऑक्सिजन १० असे आकडे आले. वरवर पाहता ती ३.५ च्या मर्यादेत उत्तीर्ण झाली. परंतु बेरीज १५ ऐवजी ८ च आली. म्हणजे नमुन्यात जवळजवळ निम्मी बाहेरची हवा मिसळली आहे. २.० ला १५ ने गुणून ८ ने भागले, तर खरा आकडा ३.७५ निघतो. गाडी वस्तुतः अनुत्तीर्ण आहे. सायलेन्सरला पडलेले भोक किंवा अर्धवट घातलेली नळी हे त्याचे कारण होय. दुधात पाणी घातल्याने दूध वाढत नाही, तसेच धुरात हवा मिसळल्याने इंजिन सुधारत नाही.

डिझेल इंजिनाची परीक्षा

डिझेल इंजिनात हवा मुबलक असते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड सामान्यतः कमी असतो. त्याचा मुख्य दोष काजळी हा आहे. म्हणून पी. यू. सी. केंद्रावर डिझेल वाहनाच्या धुराचा काळेपणा मोजतात. धूर एका कोठडीतून जाऊ देतात, एका बाजूने प्रकाश सोडतात व दुसऱ्या बाजूस तो किती पोहोचला हे पाहतात. या मोजणीत ६५ हार्ट्रिज एकक याचा अर्थ असा की, ४३ सेंटिमीटर लांबीच्या धुरातून जाताना १०० पैकी ६५ भाग प्रकाश अडला व केवळ ३५ भाग पलीकडे गेला. भारत स्टेज चारपूर्वीच्या डिझेल वाहनांस ही मर्यादा ६५ व भारत स्टेज चारच्या वाहनांस ५० आहे. यंत्रावर दुसऱ्या परिमाणात हेच आकडे अनुक्रमे २.४५ व १.६२ असे दिसतात.

परीक्षेच्या वेळी इंजिन तापलेले, गियर न्यूट्रलमध्ये व ब्रेक लावलेला असावा. ट्रॅक्टरची तपासणी करताना पी. टी. ओ. बंद ठेवावा व जवळ कोणाचे सैल कपडे किंवा पदर येणार नाही हे पाहावे. इंजिनातील तेलाची पातळी आधी तपासावी. दोनतीन वेळा रेस देऊन सायलेन्सरमधील साचलेली काजळी झटकून टाकावी. मग ॲक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबून इंजिन त्याच्या कमाल गतीपर्यंत जाऊ द्यावे व सोडावे. सलग चार वाचने एकमेकांच्या जवळ येईपर्यंत ही क्रिया करून सरासरी घ्यावी. ॲक्सिलरेटर हळूहळू दाबला तर धूर कमी दिसतो. अशी परीक्षा ही परीक्षाच नव्हे.

कृषी ट्रॅक्टरच्या धुरासाठी नियम ११५-अ हा स्वतंत्र नियम आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना अधिक कडक मानक लागू झाले. परंतु जिल्ह्यातील गावोगाव चालणारे बहुसंख्य ट्रॅक्टर जुन्या बांधणीचे आहेत, आणि त्यांचा धूर मालकाच्या निगेवरच अवलंबून आहे.

धुराचा रंग हेही एक निदान आहे. धूर काळा असेल तर हवा कमी किंवा इंधन जास्त. एअर क्लीनर, नोझल व इंजिनावरील बोजा पाहावा. उंच गियरमध्ये खोल नांगरट केल्यास चांगले इंजिनही काळा धूर टाकते. धूर निळसर असेल तर इंजिनाचे वंगणतेल जळत आहे. रिंगा झिजल्या असतील, किंवा तेलाच्या एअर क्लीनरमध्ये खुणेपेक्षा जास्त तेल भरले गेले असेल. पांढरा धूर सकाळच्या थंडीत थोडा वेळ येणे स्वाभाविक आहे. परंतु इंजिन तापल्यावरही तो राहिला, तर डिझेल न जळता जात आहे किंवा पाणी आत शिरत आहे.

मळणीच्या दिवसांत एअर क्लीनर रोज उघडून पाहावा. तेलाचा असेल तर तेलातील गाळ काढून खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. कागदी गाळणी असेल तर ती पाण्याने किंवा डिझेलने धुऊ नये. हलके झटकावी आणि हवा मारावयाची झाल्यास आतून बाहेर व मंद दाबाने मारावी. नोझलची तपासणी कसबी मिस्त्रीकडूनच करून घ्यावी. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये. त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते.

यंत्र नसेल तेथे काय करावे ?

मारेगाव किंवा झरी-जामणीच्या आतील गावी धूरमापक यंत्र येईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. धुराचा काळेपणा मोजण्याची अत्यंत सोपी पद्धत एका शेतकी शास्त्रज्ञानेच शोधून काढली आहे. पॅरिस येथील कृषी अभियांत्रिकीचे प्राध्यापक व शेती यंत्रांच्या परीक्षण केंद्राचे संचालक मॅक्सिमिलियन रिंगेलमान यांनी १८८८ साली एक धूरपत्रक तयार केले. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची उभी-आडवी जाळी काढावयाची व ती दुरून पाहावयाची. दूर गेल्यावर रेघा वेगळ्या दिसत नाहीत. सारा कागद एकसारखा करडा दिसतो. त्या करड्या रंगाशी धुराचा रंग ताडून पाहावयाचा.

हे पत्रक शाळेतील विद्यार्थीही तयार करू शकतील. रेघा १० मिलिमीटर अंतराने उभ्या व आडव्या काढाव्यात. पत्रक क्रमांक १ साठी रेघेची जाडी १ मिलिमीटर, क्रमांक २ साठी २.३, क्रमांक ३ साठी ३.७ व क्रमांक ४ साठी ५.५ मिलिमीटर ठेवावी. त्यायोगे कागदाचा अनुक्रमे शेकडा २०, ४०, ६० व ८० भाग काळा होतो. ही चार पत्रके पुठ्ठ्यावर चिकटवून धुराच्या दिशेने, पाहणाऱ्यापासून सुमारे १५ मीटरवर टांगावीत. सूर्य पाठीशी असावा. ट्रॅक्टर नेहमीच्या बोजावर चालत असता सायलेन्सरच्या तोंडाशी धूर कोणत्या क्रमांकाशी जुळतो ते लिहून ठेवावे.

या पद्धतीस पी. यू. सी. ची कायदेशीर किंमत नाही, हे स्पष्ट आहे. तिचा उपयोग तुलनेसाठी आहे. आज धूर क्रमांक ३ चा होता. एअर क्लीनर साफ केल्यावर त्याच वावरात, त्याच गियरमध्ये व त्याच औताने तो क्रमांक १ वर आला, असे दिसले म्हणजे शेतकऱ्यास दुसऱ्या पुराव्याची गरज राहत नाही.

विहिरीत इंजिन : प्राणघातक चूक

आता ज्या गोष्टीकडे प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने सर्वाधिक लक्ष द्यावयास हवे ती गोष्ट. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खोल जाते. काठावर ठेवलेला साधा पंप व्यवहारात सहासात मीटरहून अधिक खोलीचे पाणी ओढू शकत नाही; कारण हवेचा दाब यापेक्षा फारसे अधिक पाणी वर ढकलू शकत नाही. म्हणून गाळ काढण्यासाठी किंवा उपसा करण्यासाठी लहान पेट्रोल इंजिनाचा पंप दोराने विहिरीत सोडला जातो. पंप पाण्याजवळ गेल्याने पाणी चढते, परंतु धूरही विहिरीतच राहतो.

हिशेब असा आहे. सुमारे १०० घन सेंटिमीटरचे लहान इंजिन दर मिनिटास जवळजवळ १०० लिटर धूर सोडते. त्यात कार्बन मोनॉक्साइड शेकडा ३.५ धरला, तर मिनिटास साडेतीन लिटर व तासास २१० लिटर शुद्ध विष विहिरीत जमा होते. विहीर ३ मीटर व्यासाची व पाण्यापर्यंत १० मीटर खोल असेल तर तिच्यात सुमारे ७० हजार लिटर हवा असते. धूर बाहेर गेला नाही, तर तासाभरात त्या हवेतील विषाचे प्रमाण दहा लाख भागांत तीन हजार भाग होते. दहा लाखांत १,२०० भाग हे प्रमाणच जीवितास तत्काळ धोकादायक मानले आहे. तीन हजारांच्या आसपास अर्ध्या तासात प्राण जाऊ शकतो. इंजिन बंद करून लगेच खाली उतरणारा माणूस याच हवेत उतरतो.

हा वायू रक्तातील प्राणवायू वाहणाऱ्या द्रव्यास प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. प्रथम डोके दुखते, चक्कर येते, पायांतील शक्ती जाते. माणसास आपण संकटात आहोत हे उमगेपर्यंत शिडी चढण्याचे बळ उरलेले नसते. वर उभा असलेला भाऊ किंवा मुलगा त्यास वाचविण्यास उडी घेतो आणि एका घरातील दोन-तीन माणसे एकाच विहिरीत जातात.

येथे एका जुन्या समजुतीचा उलगडा करणे आवश्यक आहे. विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे असे कळते; तेवढ्यापुरती ती रीत योग्य आहे. परंतु इंजिनाच्या धुराच्या बाबतीत तिचा काहीही उपयोग नाही. दहा लाखांत तीन हजार भाग कार्बन मोनॉक्साइड असलेल्या हवेत प्राणवायू पुरेसा असू शकतो व कंदील नेहमीसारखा जळत राहतो. कंदील जळतो आणि माणूस मरतो, अशी ही हवा असते. तिची खात्री केवळ यंत्राने होते. पी. यू. सी. केंद्रावरील यंत्र शेकड्यात मोजते, सबब ते या कामाचे नव्हे. त्यासाठी दहा लाखांत भाग मोजणारे, खिशात मावणारे, भोंगा वाजविणारे वायूसूचक यंत्र मिळते. विहिरींची कामे घेणाऱ्या प्रत्येक टोळीजवळ ते असावे.

नियम सोपा आहे. कोणतेही इंजिन, पेट्रोलचे असो वा डिझेलचे, विहिरीत उतरवू नये. विजेचा सबमर्सिबल पंप वापरावा. गाळ यारीने काढावा. काठावर इंजिन चालवावयाचे झाल्यास धुराचे तोंड वाऱ्याच्या दिशेने विहिरीपासून दूर ठेवावे. उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधलेला असावा व वर दोन माणसे सतत असावीत. खालचा माणूस बेशुद्ध झाला तर दोराने वर ओढावे. कोणीही मागोमाग उतरू नये. वर आणताच मोकळ्या हवेत ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. असा रुग्ण शुद्धीवर आला तरी त्यास प्राणवायूची गरज असते. घरी नेऊन निजवू नये. हीच गोष्ट बंद गोठ्यात किंवा खोलीत जनरेटर चालविणाऱ्यांस लागू आहे.

कागद की मोजमाप ?

वैध पी. यू. सी. प्रमाणपत्र नोंदणीपासून एक वर्षानंतर आवश्यक असते व वाहनाच्या मानकानुसार सहा महिने किंवा एक वर्ष चालते. धुराची मानके मोडल्यास, २०१९ च्या सुधारणेनंतर, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. या भीतीने कागद मिळविण्याची धडपड होते, आणि नळी सायलेन्सरमध्ये न घालताच कागद मिळाला तर पुष्कळांना आनंदच होतो. हा आनंद फसवा आहे.

कागदावर विसंबल्याने काय होते याचे मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. २०१३ साली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी सुवाह्य मोजणी यंत्रे डिझेल मोटारींच्या पाठीमागे बसवून त्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालविल्या. या पथकात अरविंद तिरुवेंगडम व हेमंत कप्पण्णा हे मूळचे भारतीय संशोधकही होते. प्रयोगशाळेत निर्दोष ठरलेली फोक्सवॅगन जेट्टा ही मोटार रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या १५ ते ३५ पट सोडीत असल्याचे दिसून आले. परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवणारी योजना मोटारीतच बसविलेली होती. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकन सरकारने कंपनीस नोटीस दिली व जगभर खळबळ उडाली. प्रमाणपत्र शाबूत होते. धूर मात्र विषारी होता. लहानशा पेटीने एवढे मोठे असत्य उघडकीस आणले.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

हा विषय केवळ सांगून भागणारा नाही. तो दाखविला पाहिजे. पावसाळ्यापूर्वी व मळणीपूर्वी आठवडी बाजाराच्या दिवशी एक प्रात्यक्षिक ठेवावे. जवळच्या केंद्रचालकास यंत्रासह बोलवावे. गावातील दोन मोटारसायकली व दोन ट्रॅक्टर घेऊन आधीचे आकडे फळ्यावर लिहावेत. तेथेच एअर क्लीनर व प्लग साफ करून पुन्हा मोजणी करावी व नंतरचे आकडे शेजारी लिहावेत. यंत्र न मिळाल्यास धूरपत्रक वापरावे. प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने एका वहीत तारीख, चाललेले तास, नांगरलेले एकर, लागलेले डिझेल व धुराचा क्रमांक एवढी नोंद ठेवावी. एका हंगामाची वही मालकास जे शिकवील ते कोणत्याही व्याख्यानाने साधणार नाही. आणि प्रात्यक्षिक संपण्यापूर्वी विहिरीतील इंजिनाचा हिशेब जमलेल्या सर्वांपुढे मांडावा; विशेषतः गाळ काढणाऱ्या मजुरांस व घरातील स्त्रियांस तो समजावून द्यावा, कारण इंजिन विहिरीत उतरविण्याचा बेत घरातच ठरत असतो आणि तो घरातच मोडता येतो.

शेतकरी बैलाच्या नाकपुडीवरून त्याचा ताप ओळखतो, ही विद्या त्यास पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासातून मिळाली. इंजिनाशी त्याचा सहवास त्यामानाने नवा आहे. डोळ्यांनी रंग पाहावा, पत्रकाने काळेपणा ताडावा, यंत्राने वायू मोजावा आणि जे मोजले ते वहीत लिहावे, एवढी सवय लागली तर डिझेल वाचेल, इंजिन टिकेल आणि विहिरीत उतरलेला माणूस संध्याकाळी आपल्या घरी जेवावयास परत येईल.